चाचणीत आपले रुग्ण कुठे?

महोदय,

छाती न उघडता जांघेतल्या शिरेतून नळी सरकवायची अन् हृदयाच्या गळक्या झडपेचे पदर चिमट्याने जोडायचे, पद्धत भारीच! २०१८ मध्ये तिच्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. अमेरिका-कॅनडातल्या ६१४ रुग्णांच्या चाचणीत मृत्यू घटले, फ्रान्सच्या चाचणीत फरक दिसला नाही. म्हणजे रुग्ण नीट निवडणे महत्त्वाचे. आमच्याकडे तरुणांची झडप बिघडते ती बहुतेक लहानपणीच्या संधिवाती तापाने. पदर जाड, आखडलेले. तिथे चिमटा सहसा बसत नाही. असे रुग्ण त्या चाचण्यांत नव्हतेच. नागपूर-सेवाग्रामच्या तज्ज्ञांनी त्यांच्यासाठी चाचणी जरूर आखावी. पण आधी हा ताप पुन्हा येऊन झडप आणखी बिघडू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी द्यायच्या पेनिसिलिनच्या सुईचं बघा. कापूस वेचणीचा रोज बुडवून आलेली पोर ‘स्टॉक नाही’ ऐकून परत जाते.

– एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)