साउंडवाल्या अण्णांना जाहीर पत्र

ती. अण्णा यांस,
सा. नमस्कार.

आभाराचं तोंडावर बोललं की तुम्ही "हां हां, चहा सांग" म्हणून विषय बदलता. पैशाचं नाव काढलं तर फोनच ठेवता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. दुसरं कारण असं, की आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, मॉडेलमध्ये साउंड मॉड्यूल बसवायची हौस असलेले आपल्याकडे बरेच जण आहेत आणि तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांनाही कामी येईल.

वाचणाऱ्यांना आधी एवढं सांगतो. अण्णा कराडकडचे साउंडवाले. लग्न, जत्रा, गणपती, निवडणुकीच्या कोपरा सभा, सगळीकडे यांचेच खोके. आरसी गाडी त्यांनी कधी हातात धरली नव्हती. मी "ईएसपी३२" (प्रोग्राम भरायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) म्हणालो तेव्हा "हे कसलं औषध?" असं विचारलं होतं. त्या माणसाने माझ्या लाल परीला, म्हणजे एसटी बसच्या मॉडेलला, आवाज दिला.

मॉडेल १:१४ प्रमाणातलं, लांबीला पाऊण मीटरभर. सांगाडा अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा, बॉडी सनबोर्डची, रंग एसटीचा. उभी असली की झकास दिसायची, चालली की नुसती मोटरची चिरचिर. जर्मनीच्या बायर इलेक्ट्रॉनिकची तयार मॉड्यूलं मिळतात, पण किंमत अधिक कस्टम ड्यूटी असा हिशेब केला आणि गप्प बसलो. मग स्वित्झर्लंडमधल्या एका हौशी माणसाने गिटहब या वेबसाइटवर फुकट ठेवलेला, ईएसपी३२ वर चालणारा प्रोग्राम घेतला. तो रिसीव्हरचे सिग्नल वाचतो, इंजिनाचा आवाज काढतो, दिवे लावतो आणि मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीला हुकूमही तोच देतो. आवाज बोर्डाच्या २५ आणि २६ नंबरच्या पिनांवरून निघतो, तिथून पीएएम८४०३ या इवल्याशा अॅम्प्लिफायरला आणि तिथून स्पीकरला. ट्रान्समीटरची, म्हणजे हातातल्या रिमोटची, ओळख करून देणं हे किरकोळ काम: काडी मध्ये असताना सिग्नलची लांबी १५०० मायक्रोसेकंद, दोन्ही टोकांना साधारण १००० आणि २०००, मध्ये थोडी मोकळी जागा. ते झालं आणि इंजिन बोललं. पण मागे एक बारीक शिट्टी, थ्रॉटलबरोबर चढणारी.

तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं, लगेच पेचकस मागाल. तुम्ही गाडी उलटी धरायला लावलीत, स्पीकरला कान लावलात आणि म्हणालात, "चाकं फिरव. थांबव. परत फिरव." मोटर चालू की शिट्टी चालू, मोटर बंद की शिट्टी बंद. मग एकच प्रश्न: "अर्थ कुठनं घेतलाय?"

अर्थ म्हणजे परतीची निगेटिव्ह वायर. अॅम्प्लिफायरची ती काळी वायर ईएससीच्या काळ्या वायरीवरच जोडलेली होती, म्हणजे मोटरचा सगळा करंट परत जातो त्याच वाटेवर. वायरीला थोडा का होईना रेझिस्टन्स असतो. मोटर करंट ओढते तसं त्या वायरीवरचं व्होल्टेज हलतं आणि अॅम्प्लिफायर बिचारा त्यालाच गाणं समजून मोठं करतो. जनरेटरवर लायटिंग आणि साउंड एकत्र आलं की जी घरघर येते, ती तुम्ही आयुष्यभर ऐकलीय. तुम्ही बोर्ड, रिसीव्हर आणि अॅम्प्लिफायर यांची निगेटिव्ह एका ठिकाणी आणलीत, तिथून बॅटरीपर्यंत एकच वायर काढलीत, मोटरची वाट वेगळी केलीत. शिट्टी गेली ती गेलीच.

त्याच बैठकीत मला चिपची डेटाशीट मोठ्याने वाचायला लावलीत, हेही इथे लिहून ठेवतो, कारण यात पुष्कळांच्या चिपा जळतात. पीएएम८४०३ ला साडेपाच व्होल्टच्या वर चालत नाही. स्टिअरिंग वळवणाऱ्या सर्व्होसाठी बीईसी, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज कमी करून देणारा भाग, सहा व्होल्टवर ठेवला असेल तर त्यावर तो जोडायचा नाही. आणि स्पीकरच्या निगेटिव्ह टोकाला अर्थ समजायचं नाही. दोन्ही टोकांवर सिग्नल असतो. ते टोक चेसिसला टेकलं की विषय संपला. "मोठ्या अॅम्प्लिफायरला ब्रिज करतो तसंच हाय की हे," तुम्ही म्हणालात, आणि त्या चिपेकडे पहिल्यांदा जरा आदराने बघितलंत.

मग खोका. उघडा स्पीकर हवेत धरला की पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींना खातात, त्यामुळे सगळा जाडपणा जातो, हे मी वाचलं होतं. तुम्ही बुटाच्या खोक्याला भोक पाडून त्यावर माझा चाळीस मिलिमीटरचा स्पीकर उपडा ठेवलात आणि घरातली मंडळी स्वयंपाकघरातून बाहेर आली. वाचणं आणि ऐकणं यातला फरक त्या दिवशी कळला. आता तो स्पीकर बसच्या पोटाखालच्या डिझेल टाकीत आहे. टाकी म्हणजे पीव्हीसी पाइपचा तुकडा, दोन्ही तोंडं सिलिकॉनने बंद, आत थोडा कापूस. बघणाऱ्याला ती टाकीच वाटते.

त्यानंतर तुम्ही जे सुचवलंत ते मला अगदी उलटं वाटलं होतं. मी बास वाढवत होतो, तुम्ही म्हणालात, काप. हिशेब मांडून बघितला तर खरंच: सहा सिलिंडरचं चार स्ट्रोकचं इंजिन, आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, मिनिटाला सहाशे फेरे धरले, तर दर फेऱ्याला तीन धडाके, सेकंदाला तीस. म्हणजे ३० हर्ट्झ. एवढ्याशा स्पीकरच्या बापाला तो सूर निघायचा नाही, तो नुसता पडदा हलवत बसतो आणि आवाज फाटतो. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये दीडशे हर्ट्झच्या खालचं काढून टाकलं. मागे १५०, १८०, २१० असे तीस-तीसच्या अंतराने सूर उरले आणि त्यावरून कान खालचा तीस आपोआप धरून घेतो. इंजिन आधीपेक्षा भरदार वाजायला लागलं. मला हे अजूनही थोडं जादूसारखं वाटतं. तुम्हाला नाही, तुम्ही भोंग्यातून ढोल ऐकवत आलाय.

रेकॉर्डिंगचं श्रेय तुमच्याइतकंच डेपोतल्या त्या ड्रायव्हर साहेबांचं, ज्यांनी पहाटेच्या फेरीआधी इंजिन थोडं जास्त वेळ चालू ठेवलं. इंजिन ड्रायव्हरच्या बाजूलाच, म्हणून तुम्ही रेकॉर्डर सायलेन्सरपाशी न धरता पुढच्या चाकाच्या कमानीजवळ धरलात, त्याला स्पंज गुंडाळून. फोन तुम्ही खिशात ठेवायला लावलात, कारण फोन आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करतो आणि मग रेस दिली तरी इंजिन जागेवरच बसल्यासारखं ऐकू येतं.

एक जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी सुटली. त्याच मार्गावर एक जून २०२२ ला विजेवरची शिवाई सुरू झाली. शिवाईला माझा विरोध नाही, उलट तिच्यात पाठ दुखत नाही. पण दापोडी, चिकलठाणा नाहीतर हिंगण्याच्या वर्कशॉपात बांधलेल्या बॉडीत, लेलँडच्या आयडलवर खिडकीच्या काचा ज्या वाजतात, त्या शिवाईत वाजणार नाहीत. तुम्ही काचांचाही वेगळा ट्रॅक घेतलात! मी मागितलाही नव्हता.

आता लूपचं, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायच्या तुकड्याचं. बोर्डाला आवाज आठ बिटचा, एकाच चॅनेलचा, सेकंदाला २२,०५० नमुन्यांचा लागतो. आठ बिट म्हणजे फक्त २५६ पातळ्या, म्हणून आवाज आधी पूर्ण वर घ्यायचा आणि मग रूपांतर करायचं, नाहीतर मागे खरखर. एवढं मी केलं होतं. तरी दर सेकंदाला एक ठेच लागत होती. मी जोड बारकाईने शून्य रेषेवर कापला होता, क्लिक येत नव्हता, पण काहीतरी अडखळत होतं. तुम्ही डोळे मिटून मांडीवर बोटं वाजवलीत. "समेवर येत नाय रे. आवर्तन पुरं होऊ दे, मग तोड."

आणि तसंच होतं. चार स्ट्रोकच्या इंजिनाचं एक चक्र म्हणजे दोन फेरे. सहाशे फेऱ्यांना सेकंदाला पाच चक्रं. सहाही सिलिंडर अगदी सारखे वाजत नाहीत, एखादा जरा जोरात बोलतो, आणि तोच ठेका आपल्या कानाला ओळखीचा असतो. मधेच तोडलं की तो चुकतो. पाच पूर्ण चक्रं मोजून कापली, बरोबर २२,०५० बाइट, आणि बस शांत उभी राहून धडधडू लागली. पुढे याचा अजून एक फायदा झाला. प्रोग्राममध्ये डिझेलची टकटक वेगळी मिसळता येते आणि लूपमध्ये ती किती वेळा हवी ते आकड्यात सांगावं लागतं. पाच चक्रं गुणिले सहा सिलिंडर, तीस. लूप अर्धवट असता तर ती टकटक इंजिनापासून सुटी पडली असती.

रेससाठी वेगळा लूप घेतला. आयडलचाच लूप पळवला तर वरच्या वेगाला बस शिवणयंत्रासारखी वाजते. म्हणून ठरावीक वेगाला आयडल हळूहळू मिटवायचा आणि रेसचा लूप वर आणायचा. ते बदलाचं ठिकाण शोधायला जरा वेळ लागतो, पण कान तयार झाला की जमतं.

हॉर्न दाबला की इंजिन बंद पडायचं, ते प्रकरण तुम्ही फोनवरच निकालात काढलंत. मी प्रोग्राममध्ये चूक शोधत होतो. तुम्ही विचारलंत, "बंद पडल्यावर काय ऐकू येतं?" म्हटलं, स्टार्टरचा आवाज. "मग बोर्ड परत चालू हुतंय की. लाइट कमी पडतीय." हॉर्नला अॅम्प्लिफायर एकदम करंट ओढायचा, व्होल्टेज क्षणभर पडायचं, बोर्ड नव्याने सुरू व्हायचं. अॅम्प्लिफायरच्या पायाशी हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि जाड वायर. झालं.

पण अण्णा, खरं देणं पुढचं आहे. आवाज उत्तम, बस उत्तम, आणि तरी दोघं एकत्र वाटत नव्हते. काडी ढकलली की गाडी टुणकन निघायची आणि इंजिन तिच्यामागून चढायचं. माझ्याकडे प्रोग्राममधले आकडे वरखाली करायचे स्लाइडर भरपूर होते. तुम्ही मॉडेल घरी ठेवायला लावलंत आणि मला स्टँडवर नेऊन फलाटासमोरच्या बाकावर बसवलंत. "डबल बेल झाली की चाकाकडं बघ. कान इंजिनाकडं." डबल बेल. ड्रायव्हरचा पाय. इंजिन चढलं. क्लच धरला तसं इंजिन थोडं खाली बसलं, बॉडी हादरली, मागच्या काचा खडखडल्या, आणि तेव्हा कुठे चाक हललं. पुढची गाडी, तसंच. त्याच्या पुढची, तसंच. फक्त एका नव्या ड्रायव्हरने जरा जास्त रेस दिली, तर तुम्ही हसलात.

मग बाकावरच तुम्ही तुमच्या डिलेचं सांगितलंत. जत्रेत स्टेजपासून चौतीस मीटरवर दुसरे खोके लावले तर त्यांना दहावा भाग सेकंद उशीर द्यायचा, कारण स्टेजवरचा आवाज तिथे पोचायला तेवढा वेळ घेतो. नाहीतर ऐकणाऱ्याला दोन-दोन शब्द ऐकू येतात. "हितं उलटं हाय. आवाज आधी, गाडी मागनं." घरी येऊन प्रोग्राममध्ये क्लच धरायचा बिंदू वर नेला, ईएससीचा चढ लांबवला, इंजिनाचं जडत्व वाढवलं. आता काडी ढकलली की आधी इंजिन बोलतं, मग बस विचार करते, मग निघते. चालवणाऱ्याला सुरुवातीला बस सुस्त वाटते. बघणाऱ्याला ती जड वाटते, आणि मला तेच हवं होतं. आपल्या हौशी मंडळींपैकी बरेच जण आवाज बसवून झाला की थांबतात. माझं मत असं की खरं काम तिथून पुढे आहे.

फू करून सुटणारी हवा ब्रेकला जोडली, सिंगल बेल आणि डबल बेल एका स्विचच्या दोन बाजूंना. रिव्हर्सला मात्र काय द्यावं कळेना. ट्रकच्या मॉडेलमध्ये तिथे पीप-पीप असतं. ते लाल डब्याला शोभेना. तेव्हा तुम्ही बॉडीवर थाप मारून ओरडलात, "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... बास!" रेकॉर्डर चालूच होता. आता बस मागे घेतली की तुमचाच आवाज येतो. पोरं फक्त त्यासाठी ती मागे घेतात, पुढे कोणी चालवतच नाही.

एक काम राहिलंय. घाटाचा आवाज हवाय: दुसऱ्या गिअरमध्ये चढताना एकसारखी लागलेली रेस आणि उतारावर इंजिन धरून ठेवतं तेव्हाची गुरगुर. कुंभार्ली घाटातून चिपळूणची गाडी पकडू म्हणतो. इंजिनाजवळची सीट मिळेल अशी गाडी तुम्हीच हेरा. रेकॉर्डर तुमचा, तिकिटं माझी, आणि या वेळी चहाचे पैसेही मी देणार. फोन ठेवायचा नाही.

तुमचा,
लाल परीवाला