२२ सप्टेंबरचा हिशेब

पुणे,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबा,
सा. न.

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळं ठीक आहे. ओवीची परीक्षा झाली, अमोलचा खोकला गेला. फोनवर बोलता आलं असतं, पण पैशाचा विषय निघाला की बाबा "हं, बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई विचारते, "जेवलीस का?" की संपला विषय. म्हणून लिहायला बसले. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

बाबा, आधी माफी मागायची आहे. भाऊबीजेला सगळे ताटावर बसलेले असताना मी अमोलसमोर बोलून गेले, "बाबा, तुम्ही आता विसरायला लागलात." तुम्ही काही बोलला नाहीत. श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून उठलात. मेडिक्लेमची तारीख ११ ऑगस्ट होती, उशिरा भरायला मिळणारे ग्रेसचे तीस दिवसही १० सप्टेंबरला संपले, सात वर्षं चालवलेली पॉलिसी गेली, हे मला तासाभरापूर्वीच कळलं होतं. डोकं ठिकाणावर नव्हतं. पण म्हणून असं बोलायचं नसतं.

परवा आईनं तुमच्या डायरीच्या पानाचा फोटो पाठवला. (आई, चोरून काढलास ना? अर्धा अंगठाच आलाय.) हप्ता ३२,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ५,७६०. त्या ५,७६० खाली दोन रेघा आणि शेजारी तुमच्या बारीक अक्षरात, "२२ सप्टें.पासून माफ. थांबणे."

तेव्हा सगळं लक्षात आलं. ऑगस्टात हातात पैसे नव्हते, कारण जुलैचं पोस्टाचं व्याज गच्चीच्या गळतीत गेलं होतं. पतसंस्थेतली ठेव ५ सप्टेंबरला सुटणार, तीतून १० तारखेच्या आत हप्ता भरायचा, हे तुम्ही धरून ठेवलं होतं. २ सप्टेंबरला गौरी-गणपती गेले, ३ तारखेला सकाळी आम्ही निघालो आणि त्याच रात्री टीव्हीवर बातमी आली की आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ तारखेपासून जाणार. पावणेसहा हजार वाचतात म्हटल्यावर तुम्ही थांबलात. बातमी खरी होती, हिशेबही बरोबर होता. फक्त १० आणि २२ या दोन तारखा तुम्ही एकमेकींशेजारी मांडून बघितल्या नाहीत. आणि मी? मी गौरीचे चार दिवस तिथेच होते. मुखवट्यांचा डबा काढताना त्याखालचं विमा कंपनीचं पाकीट मीच उचलून फ्रिजवर ठेवलं. उघडूनसुद्धा बघितलं नाही. तेव्हा कोणी काय विसरलं, ते जाऊ दे.

१५एचचंही, म्हणजे आपल्याला कर लागत नाही, व्याजातून टीडीएस कापू नका, असं लिहून द्यायच्या फॉर्मचंही, तसंच झालंय. ज्येष्ठांना आता एक लाखापर्यंतच्या व्याजावर टीडीएस नाही हे तुम्ही एप्रिलमध्ये ऐकलंत, ते खरं आहे. पण आपलं वर्षाचं व्याज १,११,००० होतं, म्हणजे मर्यादेच्या वरच. फॉर्म दिला नाही म्हणून जुलै आणि ऑक्टोबर मिळून ५,५५० कापले गेले. ते बुडालेले नाहीत. पुढच्या जुलैत मी तुमचं रिटर्न भरीन, की परत येतील. तोवर उद्याच पोस्टात जाऊन १५एच देऊन या, म्हणजे निदान पुढची कपात थांबेल. सोबतच्या लिफाफ्यात भरून ठेवलाय, सही करायची फक्त. आणि तो दर एप्रिलला नव्यानं द्यावा लागतो, मागच्या वर्षीचा चालत नाही.

आता जे ठरवून टाकलंय ते सांगते. विचारून करायला हवं होतं, मान्य आहे. पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, आणि मग आणखी दोन महिने गेले असते.

दिवाळीनंतर ती रक्त घ्यायला मुलगी आली होती ना, ती नव्या पॉलिसीच्या तपासणीसाठी. ओवीच्या शाळेच्या फॉर्मला रक्तगट लागतो असं मी सांगितलं, ते खोटं होतं. पॉलिसी ७ नोव्हेंबरला सुरू झाली. हप्ता माझ्या खात्यातून आपोआप जाणार आहे, दरवर्षी. बाबा, लगेच डायरी काढू नका. मुलीच्या पैशांवर नको, हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. पण हिशेबानंच बघा. आई-वडील साठीच्या पुढचे असले की त्यांच्या हप्त्यावर मुलांना वर्षाला ५०,००० पर्यंत वजावट मिळते, जुन्या करप्रणालीत. घरकर्जामुळे मी अजून त्याच प्रणालीत आहे. तुम्हाला मुळात करच लागत नाही, त्यामुळे तुम्ही भरलात तर ती वजावट कोणाच्याच कामाची नाही. शिवाय तुमच्या हप्त्याची तारीख ऑगस्टात येत होती. मे महिन्यात गहू-तांदूळ, हळद, डंकावरची चटणी, जूनमध्ये घरपट्टी, मग गणपती. त्या दिवसांत तुमच्या खात्यात काय उरायचं ते मला ठाऊक आहे. सात वर्षं ते कसं जमवलंत, तेच मला नवल वाटतं.

खरी अडचण आईच्या गुडघ्याची आहे, तेही लपवत नाही. पॉलिसी नवी, म्हणून बीपी-शुगर आणि आधीपासून दुखणारा गुडघा, सगळ्यालाच तीन वर्षं थांबावं लागेल. बाबा, तुमची मला तितकी काळजी नाही. सत्तरीच्या पुढच्यांचं आयुष्मान कार्ड काढलंय ना आपण, त्यात पाच लाखांपर्यंत आहे आणि आधीचे आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. आई सदुसष्ट वर्षांची, तिला ते मिळत नाही. म्हणून ऑपरेशन पुढे ढकलू, असं तुम्ही दोघं ठरवताय हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. ढकलायचं नाही. जिना उतरताना आई कठडा कशी धरते ते मी दिवाळीत बघितलंय. डॉक्टरांशी बोलले, १० फेब्रुवारी ठरली आहे. त्यांचा अंदाज अडीच लाखांचा आहे आणि माझी आवर्ती ठेव जानेवारीत पुरी होते. ती ओवीची नाही. तुम्ही विचारायच्या आधीच सांगते, ओवीची वेगळी आहे.

पोस्टातल्या पंधरा लाखांना हात लावायचा नाही. ते खातं १९ जानेवारी २०२६ला पुरं होतंय. बाबा, ते उघडलं तेव्हा ७.४ टक्के दर होता, म्हणून तिमाहीला २७,७५० येतात. आताचा दर ८.२ आहे. तोच राहिला आणि पुरी रक्कम आणखी तीन वर्षांसाठी वाढवली, तर ३०,७५० येतील. तुमच्या मनात आहे तसे अडीच लाख काढलेत, तर दर तिमाहीला ५,१२५ कमी. पेन्शन २,८००, वरच्या खोलीचं भाडं ६,०००, आणि हे व्याज, एवढ्यावर घर चालतं. त्यातलं पाच हजारांचं भोक दर तीन महिन्यांनी दिसेल. माझी ठेव आज मोडली तरी माझं घर चालतं. म्हणून माझी. दादालाही सांगितलंय. तो काय म्हणाला ते विचारू नका. यायचा तेव्हा येईल, सुमनआत्याच्या वेळी आलाच होता.

मुदतवाढीच्या फॉर्मसाठी मी स्वतः येते, १९ तारखेला सोमवारी. १६च्या रात्रीच निघेन. आई, म्हणजे संक्रांतीला येणं होत नाही. रजा जपून वापरतेय, फेब्रुवारीत पंधरा दिवस लागणार आहेत. तिळगूळ ठेवून दे. चार दिवसांनी काही शिळा होत नाही आणि मी तशीही मऊ वड्याच खाते.

सोबत नव्या वर्षाचं कालनिर्णय पाठवतेय. त्यात लाल शाईनं खुणा केल्यात. फार नाहीत. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, व्याज येण्याचे दिवस. एप्रिलमध्ये १५एच. घरपट्टीची तारीख मी लिहिली नाही, बिल आलं की सूट कधीपर्यंत आहे ते त्यावरच छापलेलं असतं, तुम्ही लिहा. आणि ते बिल १ एप्रिलच्या व्याजातूनच भरून टाका, बेगमीच्या आधी. आई रागावेल, पण गहू पंधरा दिवस उशिरा आले तरी चालतात.

एक गंमत बघा. २०२६ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. सण पुढे सरकतात, बिलं आपल्या जागेवर राहतात. पुढच्या वर्षी गणपतीच्या खर्चाला अठरा दिवस जास्त मिळतील, पण दिवाळी लांबली म्हणून ऑक्टोबरच्या व्याजाला महिनाभर धीर धरावा लागेल. आणि अधिक महिना म्हणजे जावयाचं वाण! आई, चांदीबिंदी काही नको. तेहतीस अनारसे पुरे, तेही विकतचे. गुडघ्याला जेमतेम चार महिने झालेले असतील, ओट्याशी उभं राहायचं नाही. जाळी पडली की नाही ते अमोलला मुळीच कळत नाही.

बाबा, खुणा करताना तुमची पाकिटं आठवली. पगाराच्या संध्याकाळी पलंगावर मांडायचात ती. वाणी, दूध, फी, औषध, सण. मला सुट्टे मोजायला द्यायचात आणि मी चुकले तरी "बरोबर" म्हणून नंतर गुपचूप परत मोजायचात. मला दिसायचं. 'सण' लिहिलेल्या पाकिटात आषाढातच पैसे का टाकता, असं मी एकदा विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "दिवाळीला काय माहीत, आपला पगार कधी असतो ते." मी तेव्हा हसले होते. वर्कशॉपच्या ग्रीसचा वास त्या नोटांना यायचा. अजून कुठे ग्रीसचा वास आला की मला पैसे आल्यासारखं वाटतं.

हयातीच्या दाखल्याची काळजी करू नका, तो दिवाळीत झालाय. तुमचं पेन्शन पीएफचं, त्यामुळे नोव्हेंबरातच द्यायला हवा असं नाही. दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. बँकेच्या रांगेत उभं राहू नका. तुमचे मित्र जातील, त्यांच्यासोबत चहाला जा हवं तर. दरवर्षी त्या यंत्रावर तुमचे ठसे उमटत नसत, वर्कशॉपात पाने धरून धरून झिजलेली बोटं, आणि तो मुलगा "आजोबा, परत दाबा" म्हणायचा. आता मोबाइलवर चेहरा दाखवला की झालं. त्यासाठी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून बसलात, तो फोटो मी ठेवलाय.

ऑपरेशननंतर आईला पुण्याला नेणार नाही. मला नेऊसं वाटतं, पण तुळस, रेडिओ आणि खिडकीतली ती आगाऊ मांजर सोडून ती इथे आठ दिवसांवर राहत नाही, हे मला माहीत आहे. खालच्याच खोलीत पलंग लावू, न्हाणीघरात कमोड डिसेंबरातच बसवून घेते, माणूस सांगून ठेवलाय. पंधरा दिवस मी, पुढे सकाळ-संध्याकाळ मावशी येतील. बाबांचा सहाचा चहा बाबांनीच करायचा. साखर दोघांच्याही कपात नाही.

आणखी काही गोष्टी, नीट ऐका. पतसंस्थेतून सुटलेले पैसे परत तिथे जादा व्याजासाठी ठेवू नका, वाळव्याच्या काकांचं काय झालं ते बघितलंत. ती रक्कम बँकेत बचत खात्यातच राहू द्या, फेब्रुवारीत औषधपाण्याला हाताशी हवी. ओटीपी कोणालाही नाही, दादाचं नाव सांगून कोणी मागितला तरी नाही. टीव्हीवर पैशाची काही बातमी लागली की आधी मला फोन, मग डायरी. माळ्यावर चढायचं नाही. मखर पुढच्या वर्षी अमोल काढेल. आई, गोळी जेवणाआधीची ती जेवणाआधीच.

कालनिर्णय नेहमीच्या खिळ्यालाच लावा. सिलिंडरची आणि दुधाची नोंद पहिल्यासारखी तुमचीच, त्यात मी पडत नाही. आणि नोव्हेंबरच्या पानावर ७ तारखेला मी काही लिहिलेलं नाही, ती जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे. तिथे तुम्हाला हवं ते लिहा.

येत्या रविवारी सकाळी दहाला फोन करते. बाबा, आईकडे देऊ नका.

तुमची,
चिमी