ऑडिटने काय पाहिले नाही, तेही विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या कंपनीतला गैरव्यवहार बाहेर आला की वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो : ‘ऑडिटर झोपले होते का?’ प्रश्न रास्त आहे. मी एका उत्पादन कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागाची अकरा वर्षे प्रमुख होते, आणि त्यातल्या एका वर्षी आम्ही झोपलो होतो असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण ती झोप लागते कशी, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून हे पत्र.

विभागात मंजूर पदे नऊ, माणसे सहा. रिकाम्या तीन जागांचा कागद मी दर तिमाहीला वर पाठवायची आणि तो ‘पुढच्या तिमाहीत पाहू’ असा शेरा घेऊन परत यायचा. नाही कुणीच म्हणत नव्हते. शिवाय नवी संगणकप्रणाली बसवायची असली की ‘तुमची मुले हुशार आहेत, दोन महिने द्या’ असा प्रेमळ फोन. ते दोन महिने कधीच दोन महिन्यांत संपले नाहीत. वर, ज्या प्रणालीची जुळणी त्यांनी केली, ती तपासायला पुढच्या वर्षी त्यांनाच पाठवता येत नाही, हे वेगळेच.

मग मी तेच केले जे बहुतेक प्रमुख करतात. वार्षिक आराखड्यातला एकही विषय गाळला नाही. प्रत्येकाचे दिवस कापले. वीसचे बारा केले. संचालक मंडळाच्या ऑडिट समितीपुढे तक्ता भरगच्च दिसला, सगळे खूश. अंथरूण पाहून पाय पसरले म्हणा. फक्त अंथरूण किती तोकडे आहे, ते मी कुणाला सांगितले नाही.

कापलेल्यांत भंगारविक्री होती. बारा दिवसांत माझ्या दोन सहकाऱ्यांनी वजनकाट्याच्या पावत्या, गेटपास आणि बिले एकमेकांशी ताडून पाहिली. सगळे जुळले. जुळणारच होते, कारण लबाडी कागदात नव्हतीच. रिकामा ट्रक आत येताना त्याच्या पोटाखालच्या टाकीत पाणी भरलेले असे. रिकामे वजन जास्त लागे. आत गेल्यावर पाणी सोडून द्यायचे, भंगार भरायचे आणि पुन्हा काट्यावर यायचे. जितके पाणी, तितके भंगार फुकट. पुढच्या वर्षी एका निनावी चिठ्ठीमुळे हे कळले. तेव्हा आम्ही वर्षभराच्या पावत्या ट्रकच्या क्रमांकाप्रमाणे लावल्या, आणि एकाच ट्रकचे रिकामे वजन एकाच आठवड्यात तीन वेगवेगळे निघाले. हे काम संगणकावर अर्ध्या दिवसाचे. पण ते करू शकणारा आमचा एकमेव माणूस उसना गेला होता, आणि काट्यावर दोन दिवस नुसते उभे राहण्याइतका वेळ बारा दिवसांत कुणाकडे नव्हता.

त्यानंतर मी हिशेब उलटा मांडायला शिकले. वर्षाचे दिवस ३६५. शनिवार-रविवार १०४, सुट्ट्या १४, रजा २५, प्रशिक्षण ७, उरले २१५. सहा माणसांचे १२९०. त्यातून जुन्या मुद्द्यांचा पाठपुरावा, अचानक येणाऱ्या चौकश्या, समितीचे कागद आणि देखरेख यांचे ३९० वजा करा. हातात ९००. आमच्या यादीत तपासणे खरोखर गरजेचे असलेले विषय ४८, प्रत्येकी सरासरी तीस दिवस, म्हणजे १४४०. तूट ५४० दिवसांची. म्हणजेच अठरा विषय कुणीच पाहणार नव्हते.

दिवस वाचवायचे म्हटले की पहिली कात्री पाठपुराव्यालाच लागते. बेअरिंग्ज या ब्रिटिश बँकेत काय झाले ते आठवा. सिंगापूरमध्ये एकच माणूस सौदे करतो आणि त्यांच्या नोंदींवरही त्याचाच ताबा आहे, हे अंतर्गत ऑडिटने १९९४ मध्ये लिहून दिले होते. ती कामे वेगळी झाली नाहीत. फेब्रुवारी १९९५ मध्ये बँक बुडाली, तोटा ८२ कोटी पौंडांच्या वर.

दुसरी अडचण पैसे कोण देतो याची. अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीत सिंथिया कूपर अंतर्गत ऑडिटच्या प्रमुख होत्या. समितीशी त्यांचा संबंध होता, पण रोजच्या कारभारात त्यांचे वरिष्ठ म्हणजे कंपनीचे वित्तप्रमुख. विभागाचे काम मुख्यतः कामकाज तपासण्याचे. हिशेबांची तपासणी बाहेरच्या ऑडिटरकडे. २००२ मध्ये त्यांनी मालमत्ता म्हणून नोंदवून दडवलेल्या खर्चात हात घातला तेव्हा ही तपासणी लांबणीवर टाका, असे सांगणारे तेच वित्तप्रमुख होते. त्यांच्या चमूने बरेचसे काम रात्री, गुपचूप केले आणि ३८० कोटी डॉलरची लबाडी बाहेर काढली. लोक हे शौर्य म्हणून सांगतात, आणि ते आहेच. पण मला त्यात दुसरे दिसते : आपल्याच कंपनीची पुस्तके पाहायला ऑडिटरला रात्र का गाठावी लागावी? मीही वित्तविभागाकडूनच बजेट घेत होते आणि वित्तविभागाचेच ऑडिट करत होते. ज्या वर्षी खरेदीच्या आगाऊ रकमांवर कडक अहवाल दिला, त्या वर्षी माझा प्रवासखर्च निम्मा झाला. योगायोग असेल.

‘माणसे नाहीत तर बाहेरची फर्म लावा,’ असे मला अनेकदा सुचवले गेले. काही कामांसाठी, विशेषतः सायबर सुरक्षेसाठी, मी लावलीही. पण फर्मला काय विचारायचे आणि तिच्या अहवालात काय नाही, हे समजणारा आपला माणूस लागतोच. एन्रॉनने तर अंतर्गत ऑडिट आपल्या वैधानिक ऑडिटरकडेच, म्हणजे कायद्याने वार्षिक हिशेब तपासणाऱ्या बाहेरच्या फर्मकडे, आर्थर अँडरसनकडे दिले होते. पुढे २००२ च्या सर्बेन्स-ऑक्स्ली कायद्याने अमेरिकेतल्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना ती सोय बंद केली.

९ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या जागतिक अंतर्गत लेखापरीक्षण मानकांनुसार साधनसामग्री पुरेशी आहे का, संख्येने आणि कौशल्यानेही, यावर संचालक मंडळाने प्रमुखाशी वर्षातून निदान एकदा बोलायचे आहे. पुरेशी नसेल तर त्याचा परिणाम काय होईल, हे प्रमुखाने मंडळाला सांगायचे आहे. लिहिले चांगले आहे. प्रत्यक्षात ही चर्चा बैठकीच्या शेवटच्या पाच मिनिटांत, मंडळी घड्याळाकडे पाहत असताना होते. समितीचे अध्यक्ष विचारतात, ‘सगळे ठीक ना?’ आणि ऑडिटचा प्रमुख म्हणतो, ‘हो, जमवतो.’

माझ्याकडून तो ‘जमवतो’ पुढच्या वर्षी सुटला. मी आराखड्याच्या आधी दुसरा कागद ठेवला. मथळा होता : ‘यंदा आम्ही न पाहणार असलेले अठरा विषय’. प्रत्येकापुढे शेवटचे ऑडिट केव्हा झाले ते वर्ष, आणि शेवटी समितीच्या सहीची जागा. वित्तप्रमुखांना तो आगाऊपणा वाटला. समितीचे अध्यक्ष बराच वेळ वाचत होते. सातव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ‘कंत्राटी मजुरांची हजेरी सहा वर्षांत कुणी पाहिलेली नाही? यावर मी सही कशी करू?’ मी म्हटले, ‘करू नका.’ मी गेली तीन वर्षे त्यांच्या वतीने तीच सही करत होते, फक्त त्यांना न सांगता.

त्या बैठकीत तीनपैकी दोन जागा मंजूर झाल्या आणि उसनी माणसे परत आली. तरीही अकरा विषय उरलेच. त्यांच्यावर सही झाली. नव्यांपैकी एक मुलगी संख्याशास्त्र शिकलेली होती. तिला पहिले दोन दिवस मी वजनकाट्यावर उभे केले. संध्याकाळी परत आली तेव्हा तिच्या वहीत फक्त ट्रकचे क्रमांक आणि वेळा होत्या, आणि एक प्रश्न : दुपारी जेवायच्या सुटीत काटा कोण सांभाळतो?

आपली,
एक निवृत्त अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुख