कार्ड स्वस्त झालं, पण पॉवर सप्लायचं काय?

संपादक महोदय,

ग्राफिक्स कार्डाच्या किमती उतरल्या की पोरं लगेच गेमिंग पीसी जुळवायला बसतात, बसावंच, २०२१ मध्ये मायनिंगवाल्यांनी, म्हणजे कॉम्प्युटरवर आकडेमोड करून क्रिप्टो चलन कमावणाऱ्यांनी, कार्डं उचलली तेव्हा साध्या गेमरच्या हाती काही लागत नव्हतं, मग सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग बंद झालं आणि तीच कार्डं सेकंडहँडमध्ये आली. पण सगळं बजेट कार्डावरच उडवू नका हो! पॉवर सप्लाय, म्हणजे पीसीच्या सगळ्या पार्टना वीज पुरवणारा भाग, हलका घेतला तर तो जाताना बाकीचे पार्टही घेऊन जाऊ शकतो. जुनं कार्ड घेताना अर्धा तास जड गेम चालवून बघा, पंखा खरखरतोय का ऐका, स्क्रीनवर ठिपके-रेघा दिसल्या तर सरळ नाही म्हणा. आणि कार्ड मायनिंगला वापरलंय का हे विकणाऱ्याने आधीच सांगायला हवं.

— एक वाचक