सडा म्हणजे पडीक जमीन नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला कोकण पर्यटनावरचा लेख वाचला. किनारे, किल्ले, मासळी, आंबा सगळं आलं, आमचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं, सपाट पठार, मात्र राहून गेला. लेखकाला दोष देत नाही. सातबाऱ्यावरच या कातळाची नोंद ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निकामी, अशी असते, मग बाहेरच्या माणसाला तो ओसाड माळ वाटला तर नवल काय!

राजापूर तालुक्यात कशेळीचं कनकादित्याचं सूर्यमंदिर पाहायला रोज गाड्या येतात. तिथून जवळच सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती जांभ्या दगडात कोरलेला आहे आणि त्याच्या अंगभर लहान-लहान प्राणी, मासे आहेत. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा असलेला माणूस आहे. देवाचे गोठण्याला कोरलेल्या मनुष्याकृतीवर होकायंत्र धरलं की सुई चुकीची दिशा दाखवते. काही ठिकाणी तर गेंडा आहे, जो आज कोकणात कुठेच नाही. ही चित्रं, म्हणजे कातळशिल्पं, कोरणारे लोक शिकारीवर जगणारे, अश्मयुगातले असावेत, असं अनेक अभ्यासक मानतात. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली. उक्षी, जांभरूण, रुंढे तळी, देवीहसोळ, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ ही त्यातलीच. लहानपणी गुरं घेऊन सड्यावर जायचो तेव्हा आम्हाला ती पांडवांची कामं म्हणून सांगितलेली. त्यांच्यावर पाय देऊ नका, एवढं आजीने बजावलं होतं.

पण मला खरं सांगायचं आहे ते पाण्याचं. आमच्याकडे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जांभा सच्छिद्र, भेगाळलेला. सड्यावर पडलेलं पाणी त्यातून हळूहळू मुरतं आणि उताराला झऱ्यातून, वाडीच्या विहिरीतून बाहेर येतं. आमच्या वाडीच्या डोक्यावर काही वर्षांपूर्वी चिरेखाण, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे चिरे कापायची खाण, सुरू झाली. तेव्हापासून मे अखेरपर्यंत पुरणारी विहीर एप्रिलातच तळ दाखवू लागली आहे. चिरा काढूच नका, असं माझं म्हणणं नाही, माझं घरही चिऱ्याचंच आहे. पण खाण कुठे घालायची हे ठरवताना खाली कोणाची विहीर आहे, वर काय कोरलेलं आहे, हे कोणी बघायचं? कागदावर जमीन पडीक असली की हा प्रश्नच उरत नाही.

म्हणून शासनाला विनंती की, कातळशिल्पांचे आणि पाणी मुरवणारे सडे मोजून त्यांची सातबाऱ्यावर वेगळी नोंद करावी. नुसता चित्राभोवती चौकोनी कठडा बांधून भागणार नाही. हत्ती कठड्याच्या आत आणि पलीकडे जेसीबी, असं आम्हाला नको आहे.

आपणही एखादा प्रतिनिधी भाद्रपदात इकडे पाठवावा. तेव्हा सडा ‘सीतेची आसवं’ या रानफुलांनी निळा-जांभळा झालेला असतो, खळग्याखळग्यांत पाणी असतं आणि गणपतीला आलेले चाकरमानी पोरांना घेऊन वर फिरायला जातात. चित्रं नीट बघायची असतील तर मात्र गवत कापून झाल्यावर, दिवाळीनंतर यावं. वाट दाखवायला मी येईन.

आपला,
एक वाचक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी