बर्फातली माझी बुटकी गाडी

ती. आई आणि बाबांना,

शिरसाष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर मी खिडकीतून खाली उभी असलेली माझी स्पोर्ट्स कार दाखवली आणि आई, तू एकदम गप्प झालीस. बर्फाच्या ढिगातून फक्त छप्पर आणि एका बाजूचा आरसा वर आलेला दिसत होता. बाबांनी विचारलं, "अगं, जमिनीला टेकलेली ही गाडी असल्या दिवसांत बाहेर काढतेसच कशाला?" मी "काही होत नाही हो बाबा" म्हणून विषय बदलला. रात्री झोपताना ते उत्तर मलाच टोचत राहिलं. तुम्ही जीव टांगणीला लागून विचारलंत आणि मी ते झटकून टाकलं. म्हणून आज सगळं नीट लिहिते आहे.

आधी तुमच्यापासून लपवलेली एक गोष्ट. पहिल्या हिवाळ्यात ही गाडी एकदा माझ्या हातातून पूर्ण सुटली होती. नोव्हेंबर संपत आला होता, बर्फ अजून पडलाही नव्हता. पहाटे एका पुलावर चढले, वेग ताशी ४० असेल. रस्ता नुसता ओला वाटत होता. पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून गार वारा लागतो, त्यामुळे बाकी रस्त्याच्या आधी पूल गोठतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. डांबराचा काळा रंग आरपार दिसेल इतका पातळ बर्फाचा थर होता तो. पुढे वळण दिसलं म्हणून मी ॲक्सिलरेटरवरचा पाय झटक्यात उचलला आणि गाडीचा मागचा भाग माझ्या शेजारून पुढे निघाला. थांबले तेव्हा तोंड आल्या वाटेकडे होतं आणि कठडा हातभर लांब. मागून कोणी येत नव्हतं म्हणून निभावलं. त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला होता आणि मी "सगळं छान" म्हटलं होतं. आई, रागावू नकोस. तेव्हा सांगितलं असतं तर तू आठवडाभर झोपली नसतीस, आणि मला स्वतःलाही काय चुकलं ते उमगलं नव्हतं.

चुकलं होतं ते टायरचं. स्पोर्ट्स कार बहुधा रुंद उन्हाळी टायरवरच येते. त्या टायरचं रबर गरम डांबराला धरून ठेवण्यासाठी बनवलेलं असतं. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की ते कडक व्हायला लागतं, आणि शून्याखाली तर त्याची पकड फारच कमी उरते. कडाक्याच्या थंडीत नुसती गाडी हलवली तरी त्याला तडे जाऊ शकतात. म्हणजे बर्फ पडायच्या कितीतरी आधी, निव्वळ गारठ्यात, मी चार कडक चकत्यांवर गाडी चालवत होते.

हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने चिरल्यासारख्या बारीक बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फाला चावा घेतात. मोठ्या खाचांमध्ये बर्फ दाबून भरला जातो, आणि बर्फाला सर्वात घट्ट धरतो तो बर्फच, त्यामुळे ही खाचांतली भरणीच गाडीला पुढे नेते. असा टायर ओळखायची खूण म्हणजे कडेवर कोरलेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमाचा कण. ही खूण बर्फावर चाचणी झालेल्या टायरलाच मिळते. नुसतं 'एम प्लस एस' (म्हणजे 'मड' आणि 'स्नो', चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्यावर मी विसंबत नाही.

माझ्या गाडीत इंजिनाची ताकद मागच्याच चाकांना मिळते, तरी मी चारही टायर बदलते, नुसते मागचे दोन बदलून भागवत नाही. पकड मागे जास्त आणि पुढे कमी असली की गाडी जागची हलते खरी, पण वळत नाही आणि थांबतही नाही. शिवाय हिवाळ्यासाठी मी मुद्दाम लहान रिम आणि अरुंद टायर घेतले आहेत. रुंद टायर भुसभुशीत बर्फावर तरंगतो, अरुंद टायर तो कापून खालच्या रस्त्यापर्यंत पोचतो. टायरची भिंत उंच असल्याने बर्फाखाली लपलेला खड्डाही सोसतो. नक्षी ४ मिलिमीटरच्या खाली झिजली की तो टायर माझ्या लेखी हिवाळ्यातून बाद. बाबा, तुमची हवा तपासायची सवयही मी सोडलेली नाही. पारा ५-६ अंश उतरला की टायरमधला दाब साधारण १ पीएसआयने उतरतो, म्हणून थंडीत दर आठवड्याला बघते.

तुम्ही म्हणाल, मग चारही चाकांना ताकद देणारी उंच गाडी का घेत नाहीस? ती बर्फातून सुटायला नक्कीच सोपी. पण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच, थांबताना तिला वेगळा काही फायदा नाही. ताशी ५० वेगाने ब्रेक दाबला तर कोरड्या रस्त्यावर गाडी सुमारे १२-१३ मीटरमध्ये थांबते, दाबल्या गेलेल्या बर्फावर त्याच्या तिप्पट जाते, आणि काचेसारख्या बर्फावर १०० मीटरच्या आसपास. हे आकडे तुमच्या वहीत लिहून ठेवा बाबा, तुम्हाला पटतील. माझी गाडी हलकी आणि ठेंगणी आहे, त्यामुळे वळणावर झुकत नाही आणि काय बिघडतंय ते स्टिअरिंगमधून हाताला आधीच सांगते.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी बर्फात कुचकामी, असं सगळे म्हणतात. पण पोर्शे ९११ या गाडीने १९६८, १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ तीन वर्षं मॉन्टे कार्लो रॅली ही मोटारींची शर्यत जिंकली होती, आणि ती रॅली भर जानेवारीत आल्प्सच्या बर्फाळ घाटांतून चालते. त्या गाडीचं इंजिन मागे, ताकद मागच्याच चाकांना, आणि इंजिनाचं वजन त्या चाकांना खाली दाबून धरतं. माझ्या गाडीचं इंजिन पुढे आहे, मागच्या चाकांवर जेमतेम निम्मा भार येतो, तेव्हा मला ती सवलत नाही. म्हणून मी निघताना दुसऱ्या गिअरमध्ये निघते आणि क्लच इतका हळू सोडते की चाकाला कळूही नये.

इथे खरे उपयोगी पडतात ते बाबा, तुम्हीच. मला गाडी शिकवताना तुम्ही म्हणायचात, "गाडी पायाने नाही, डोळ्यांनी चालवायची." बर्फात हे अक्षरशः खरं आहे. मागचा भाग घसरला की पाय अलगद उचलायचा, ब्रेकला हात लावल्यासारखंही करायचं नाही, मागची बाजू ज्या दिशेला जाते आहे तिकडे स्टिअरिंग द्यायचं, आणि नजर जिथे पोचायचंय तिथे ठेवायची. कठड्याकडे पाहिलं की हात कठड्याकडेच जातात. उतारावर झटक्यात खालचा गिअर टाकला तर मागची चाकं हँडब्रेक ओढल्यासारखी अडकतात, तेही मी शिकले. दर वर्षी पहिला बर्फ पडला की एखादं मोकळं, परवानगी असलेलं मैदान गाठते आणि तासभर मुद्दाम गाडी घसरवून हाताला ती भाषा पुन्हा आठवून देते. घसरण रोखणारी संगणकी यंत्रणा मी रस्त्यावर कधीच बंद करत नाही. अपवाद एकच, चाक बर्फात रुतून बसलं आणि गाडी मागेपुढे झुलवून काढायची असेल तर.

आणि काही दिवस मी गाडी काढतच नाही. तिचं पोट जमिनीपासून वीतभरही उंच नाही. बर्फ त्याहून खोल असला की तो पोटाखाली दाबला जातो, गाडी त्यावर बसते आणि चाकं हवेत फिरत राहतात. तिथे कुठलाही टायर आणि कुठलंही कौशल्य चालत नाही. तुम्हाला दिसला तो ढीग असल्याच दिवसाचा होता. त्या दिवशी मी घरीच होते, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

आई, आता खास तुझ्यासाठी. मागच्या डिकीत फावडं, जाड ब्लँकेट, टॉर्च आणि चाकाखाली टाकायला वाळूची पिशवी असते. पेट्रोल अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही. कुठे अडकलेच तर इंजिन चालू करण्याआधी उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढायचा, हे मी मनात पक्कं बसवलं आहे, कारण ते तोंड बुजलं तर विषारी वायू आत येतो आणि त्याला वास नसतो. दाराच्या काचेला चौकट नाही, दार उघडताना ती जराशी खाली सरकते. ती गोठली असेल तर मी ओढाताण करत नाही, आधी रबर मोकळं करते. रस्त्यावर टाकलेलं मीठ पत्र्याला खातं, म्हणून थंडी जरा ओसरली की गाडी खालून धुऊन घेते.

एवढं करून ही गाडी का ठेवायची, हा प्रश्न उरतोच. मला ती आवडते बाबा. ताज्या बर्फाच्या सकाळी सगळा आवाज शोषला जातो, आणि ताशी ३० वेगातसुद्धा ती मला पूर्ण जागी ठेवते. उन्हाळ्यात कुणीही तिला पळवेल. पण हिवाळ्यातले हे चार-पाच महिने तिने मला जेवढं शिकवलं तेवढं उन्हाळ्याने शिकवलं नाही. तिला कापडाखाली झाकून वसंताची वाट बघणं मला जमत नाही.

एक विनंती आहे. मी पोचल्यावर लगेच मेसेज करीन, पण वाटेत असताना फोन करू नका, वाजला की माझं लक्ष उडतं. आणि पुन्हा कधी गाडी घसरली तर त्याच दिवशी सांगीन, हा माझा शब्द.

पुढच्या हिवाळ्यात इकडे या. पहिल्या बर्फाला त्या मैदानावर घेऊन जाईन. सीट गरम होते, आईचे गुडघे दुखणार नाहीत. गाडीत माझ्याशिवाय एकच जण मावतो, तेव्हा आधी कोण बसणार ते तुम्ही दोघांनी ठरवा.

तुमची,
मनू