मानधन शिष्यालाही मिळावे

प्रति,
मा. संपादक,
स. न.

पद्म पुरस्कारांच्या यादीत अलीकडे लोककलावंतांची नावे आवर्जून दिसतात, ही समाधानाची बाब आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये, लावणीगायिका यमुनाबाई वाईकर यांना 2012 मध्ये, तर पिंगुळीचे चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा गाऊन सांगणारे, परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. मशे आणि यमुनाबाई 2018 च्या मे महिन्यात गेले. गौरव होतो तेव्हा कलावंताचे वय झालेले असते, आणि त्याच्या हाताखाली कोण तयार होत आहे याची चौकशी मात्र कोणी करत नाही.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीची जुनी चित्रे आहेत. शाळेची मुले घेऊन मी तेथे अनेकदा गेलो. मुले चित्रे पाहून पुढे सरकत, कारण चित्रकथी ही नुसती पाहायची वस्तूच नव्हे. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर कलावंत रामायण-महाभारतातील प्रसंगांच्या चित्रांची पोथी समोर ठेवून एकेक चित्र उचलतो, वीणा, हुडुक हे चर्मवाद्य आणि टाळ यांच्या साथीने तो प्रसंग गाऊन सांगतो, आणि कथेने वळण घेतले की पुढचे चित्र वर येते. कागद काचेमागे जपता येतो, पण कोणत्या ओळीवर चित्र बदलायचे हे सांगणाऱ्याच्या अंगातच असते. गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचेच संग्रहालय केले, ही गोष्ट बरीच प्रसिद्ध आहे. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे की त्यांनी घरातील पुढची पिढी या कलेत उभी केली.

वारलीतही चित्राबरोबर गाणे होते. लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिणाऱ्या सुवासिनी असत आणि लग्नाची गाणी गाणारी धवलेरी असे. मशे यांनी ही चित्रे विधीबाहेर आणून जगभर नेली, हे त्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. मात्र आज लक्ष्मी रस्त्यावर साडीच्या पदरावर वारली नाच सहज मिळतो, धवलेरीची गाणी किती जणींना पाठ आहेत हे कोणी विचारत नाही. (ती साडी आमच्याही घरात आहे.)

काही वर्षांपूर्वी शहरातील एका समारंभात गोंधळाचा कार्यक्रम होता. वयस्कर गोंधळ्यांनी चौक मांडला, दिवटी पेटवली, संबळ घुमू लागला आणि तुळजापूरच्या भवानीपासून एकेका दैवताला गोंधळाला येण्याचे आवाहन सुरू झाले. देवतांची नावे संपायच्या आतच संयोजकांनी चिठ्ठी पाठवली, कारण पाहुण्यांच्या भाषणाची वेळ झाली होती. आख्यान राहूनच गेले. रात्रभर चालणाऱ्या विधीला दहा मिनिटे! मागे तुणतुणे घेऊन झील धरायला, म्हणजे मुख्य गायकामागून सूर ओढायला, त्यांचा बारा-तेरा वर्षांचा नातू उभा होता. आख्यानात गद्य कोठे थांबते आणि पद कोठे उचलायचे, हे त्याने आजोबांकडून ऐकून शिकायचे, तर त्यासाठी आख्यान पुरते रंगायला तरी हवे ना?

राज्य शासन ज्येष्ठ कलावंतांना मानधन देते, ते अवश्य मिळावे. पण तो उतारवयाचा आधार झाला, त्यातून शिष्य घडत नाही. जपानमध्ये 1950 च्या सांस्कृतिक वारसा कायद्यान्वये निवडक कलावंतांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ मानतात आणि त्यांना दरवर्षी 20 लाख येन देतात, ते कौशल्य वाढवावे आणि वारसदार तयार करावेत याच हेतूने. आपल्याकडे गुरूच्या मानधनाला जोडून एका शिष्याला काही वर्षे विद्यावेतन दिले, तर त्या मुलाला पोटासाठी दुसरीकडे जावे लागणार नाही. घरातला मुलगा किंवा नातूच हवा अशी अट मात्र त्यात नसावी.

पुणे महापालिकेकडे नाट्यगृहे आहेत. महिन्यातून एक संध्याकाळ अशा एका कलेला पूर्ण वेळ द्यावी, मध्ये सत्कार आणि भाषणे ठेवू नयेत, आणि निमंत्रणपत्रिकेवर मुख्य कलावंताच्या नावाखाली झीलकऱ्याचेही नाव छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
कसबा पेठ, पुणे